पेल्याचा पोचा

४ फेब्रुवारी

मावशी,

पत्र मुद्दाम खोक्यात सगळ्यांत वर ठेवलंय, म्हणजे तू आधी ते वाचशील आणि मग भांड्यांकडे वळशील. फोनवर तुला ऐकू येत नाही, मी घसा ताणून ओरडते, तू "कोण? काय?" करत राहतेस आणि शेजारच्या खोलीतली मुलगी भिंतीवर थापा मारते. त्यापेक्षा हे बरं.

या खेपेला चमचे आहेत, दोन वाट्या, एक सोन्याची साखळी आणि एक चांदीचा पेला. पद्धत नेहमीचीच. मोडीतून विकत मी घेतलं, फोटो मी काढले, साइटवर लिलावाला मी लावलं. आता तू हे काकांच्या तिजोरीत ठेव आणि मी पत्ते पाठवले की बांधून रवाना कर. माझ्या या भाड्याच्या खोलीत सोनं-चांदी ठेवायची हिंमत होत नाही. इथे साधी छत्री टिकत नाही.

गिऱ्हाइकांनी मात्र या महिन्यात जीव नकोसा केलाय. एका बाईंनी ताटलीवर सगळ्यांत मोठी बोली लावली, जिंकल्या, आणि आता म्हणतात नवऱ्याला विचारून सांगते. एक जण विचारतो, चांदी आहे तर चकाकत का नाही? पुसून पुन्हा फोटो पाठवला तर म्हणतो, इतकी चकाकते म्हणजे मुलामाच असणार. तिसरे गृहस्थ स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून माझ्याशी भांडतात. आणि तो अंगठीवाला तर तू विसरली नसशीलच. सोन्याची नेली, "पसंत नाही" म्हणून पितळेची परत पाठवली, आणि साइटवाल्यांनी माझेच पैसे कापून त्याला दिले. त्या दिवसापासून मी कोणावर विश्वास ठेवणं सोडून दिलंय.

आता एक नवीन नमुना आलाय. मी त्याचं नाव प्रश्नपत्रिका ठेवलंय. यातला पेला त्याने जिंकलाय. काठाजवळ पोचा आहे बघ, त्या पोच्याने त्याला पछाडलंय. पोचा काठापासून किती खाली आहे? अंगठा बसेल एवढा आहे का? आतून फुगीर लागतो का? उजेडात धरून फोटो काढा, आता डावीकडून काढा, आता जवळून काढा. चांदीचा फोटो म्हणजे आधीच वैताग. पांढऱ्या कापडाचा तंबू लावून आत ठेवावी लागते, नाहीतर अख्खी खोली त्यात दिसते. शेवटी मी तंबू न लावताच भराभर फोटो काढले आणि पाठवून दिले. त्यावर याने निबंधाएवढा निरोप लिहिला. दोन ओळी वाचल्या आणि सोडून दिला. हे लोक मला पाठ झालेत. पेला हातात पडला की हा पोच्यावर बोट ठेवणार आणि पैसे परत मागणार.

त्याचा पत्ता सोबत आहे. पेला आधी पाठव, बाकीचं सावकाश.

तुझी,
भिंगरी


१२ फेब्रुवारी

भिंगरे,

आशीर्वाद आधी घे, मग बोलणी खा. अक्षर मोठं काढ. कान गेले आहेत, आता डोळेही घालवतेस का माझे?

इकडे ठीक. दुकानाचा पुढचा भाग शिंप्याला भाड्याने दिलाय ते तुला ठाऊक आहे. तो माझ्या डाव्या कानाशी येऊन बोलतो, तेवढंच मला जगातलं कळतं. मागची खोली, ऐरण, यांची सोनारकामाची हत्यारं, सगळं होतं तिथेच आहे. धूळ मी पुसते, पण हात कधी लावला नव्हता.

चमचे, वाट्या आणि साखळी तिजोरीत ठेवली. पेला पाठवला. हे म्हणायचे, आपल्या दारातून वस्तू जाताना शेवटचा हात फिरवल्याशिवाय सोडायची नाही, गिऱ्हाइकाला बोट ठेवायला जागा राहता कामा नये. तर तुझ्या प्रश्नपत्रिकेलाही आता जागा राहिलेली नाही. काय केलं ते विचारू नकोस, मीही याच धंद्यात म्हातारी झाले आहे. तो एक अक्षर बोलायचा नाही, बघशील तू. किती दिवसांनी यांच्या पाटावर बसले. उठताना शिंप्याला हाक मारावी लागली ते सोड, पण बसले. बरं वाटलं गं.

आणि माणसांना नावं ठेवणं बंद कर. चार प्रश्न विचारले म्हणून कोणी लबाड होत नाही. तू लहान असताना दिवसभर माझं डोकं खायचीस, हे असं का आणि ते तसं का. तुला कोणी खोक्यात भरून परत पाठवलं का?

मावशी


२ मार्च

मावशी,

चोर पकडला!

प्रश्नपत्रिकेने पेला परत पाठवला. सोबत चिठ्ठी, "हा तो पेला नाही." मी उघडून बघते तर खरंच नाही. आपल्या पेल्याला पोचा होता, हा गुळगुळीत. आता त्याची हिंमत बघ. आपला ठेवून घेतला, दुसराच परत पाठवला, आणि वर स्वतःच गळा काढतोय की हा तो नाही. वजन तेवढंच आहे, बुडाचा शिक्काही तसाच आहे, म्हणजे कुठून तरी जोडीचा मिळवलेला असणार आणि चांदी नक्की हलकी असणार. कसोटीवर घासून बघायचीही मला गरज वाटली नाही, कारण माझ्याकडे पक्का पुरावा होता.

हे तुला मी कधी सांगितलं नव्हतं. अंगठीच्या प्रकारानंतर मी एक पेन आणलं, न दिसणाऱ्या शाईचं. प्रत्येक वस्तूच्या बुडाला त्याने एक ठिपका देते. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, जांभळ्या दिव्याखाली धरला की चमकतो. फडक्याने पुसला तरी जात नाही असं दुकानदार म्हणाला होता आणि मी करूनही बघितलंय. परत आलेला पेला दिव्याखाली धरला. ठिपका नाही. मी खोलीत एकटीच उड्या मारल्या.

साइटवाल्यांना दोन्ही फोटो पाठवले, आधीचा पोच्याचा आणि आताचा गुळगुळीत. ठिपक्याचंही कळवलं. त्यांनी त्याचं खातं बंद केलं आणि पैसे माझ्याकडेच राहिले. विक्रेत्यांच्या ग्रुपवर मी त्याचं नाव, गाव आणि फोटो टाकून लिहिलं, "या माणसापासून सावध राहा." सगळ्यांनी शाबासकी दिली. एकाने तर लिहिलं, असल्यांना भर चौकात उभं करायला हवं.

तू म्हणाली होतीस तो एक अक्षर बोलायचा नाही. बोलला गं, पुष्कळ बोलला. रोज निरोप, की मी असं कशाला करीन, मला तर तोच पेला हवा होता. आता गप्प झालाय.

अंगठीचं उट्टं निघालं एकदाचं. तू इथे असतीस तर तुला उचलून गरगर फिरवलं असतं.

भिंगरी


१० मार्च

भिंगरे,

पत्र मिळालं. इकडे ठीक आहे. शिंप्याने नवीन मशीन घेतलंय. अजिबात आवाज होत नाही म्हणून कौतुक सांगत होता. मला तर जुन्याचाही येत नव्हता.

पोट जरा बिघडलंय, विशेष काही नाही.

खातं बंद करतात म्हणजे काय करतात? काही दिवसांनी पुन्हा उघडतात का? ग्रुपवर लिहिलेलं पुसता येतं का? तो माणूस करतो काय, वय काय त्याचं, काही कळलं का? सहज विचारते.

पेला तुझ्याकडे असेल तर माझ्याकडे पाठवून दे. विकू नकोस, मोडीत घालू नकोस, कसोटीलाही लावू नकोस. आहे तसाच पाठव.

त्याचा तो मोठा निरोप तू पुढे वाचलास का?

मावशी


१६ मार्च

मावशी,

पेला या खोक्यात आहे. एवढी कसली घाई होती? तोही पुसून लख्ख करून ठेवणार आहेस का?

आता तूच प्रश्नपत्रिका झालीस, तर उत्तरं घे. खातं कायमचं बंद करतात. ग्रुपवरचं मी पुसलं तरी लोकांनी कधीच चहूकडे पाठवलंय, ते कसं पुसणार? आणि का पुसायचं? माणूस म्हातारा आहे, घड्याळं दुरुस्त करतो. जुन्या घड्याळांचे सुटे भाग याच साइटवर लिलावात घ्यायचा, त्याच्या खात्यावरून तसं दिसत होतं. आता कुठून घेईल ते त्याचं तो बघेल. निरोप वाचला नाही आणि वाचणारही नाही. आई अंथरुणाला खिळली आहे, मुलाची फी भरायची आहे, असल्या कहाण्या मला रोज येतात. वाचत बसले तर सगळं फुकट वाटून टाकावं लागेल.

पण मावशी, तुझं पत्र मला जरा कोरडं वाटलं. ठिपक्याचं तुझ्यापासून लपवलं म्हणून रागावलीस का? मग सगळंच सांगते. त्या दिवसांत माझ्या डोक्यात इतका संशय भरला होता की अंगठी तुझ्याच हातून तर बदलली गेली नसेल ना, असंही एकदा मनात येऊन गेलं. एकदाच. तू मला वाढवलंस, आणि माझ्या मनात हे आलं. लाज वाटते. म्हणून ठिपक्याचं तुला सांगायला तोंड होत नव्हतं.

पोट बरं नसेल तर डॉक्टरकडे जा. शिंप्याला सोबत ने, तुला एकटीला त्यांचं बोलणं कळायचं नाही.

भिंगरी


२१ मार्च

भिंगरे,

हे पत्र बसून वाच.

पेला मिळाला. हा आपलाच पेला आहे. तू फोटो काढून माझ्याकडे पाठवलास तोच. त्या माणसाने काहीही बदललेलं नाही. पोचा मी काढला.

तू लिहिलं होतंस की तो पोच्यावर बोट ठेवणार आणि पैसे परत मागणार. मला वाटलं, तुझ्यामागची कटकट आपण परस्पर मिटवून टाकू. बोट ठेवायला पोचाच राहिला नाही तर तो बोलेल काय? यांच्या पाटावर बसले, पेला लोखंडी खुंट्यावर चढवला आणि लाकडी हातोडीने हळूहळू सारखा केला. ठोकल्याचे डाग उठले म्हणून खडूची पूड आणि स्पिरिट लावून बुडापासून काठापर्यंत घासून काढला. तुझा ठिपका त्यातच गेला. आतल्या बाजूला, पोचा होता तिथे, एक चुकलेला ठोका बसलाय. डोळ्यांना दिसत नाही, बोट फिरवलं की लागतो. तो माझा आहे, मी ओळखला.

हे मला तुझं ते चोर पकडल्याचं पत्र वाचतानाच कळलं होतं. तरी मी तुला उत्तरात शिंप्याच्या मशीनबद्दल लिहिलं. पोट बिघडलेलं नव्हतं, घास गिळवत नव्हता. वाटत होतं, पेला हातात येईल आणि तो दुसराच निघेल. रोज देवाला म्हणत होते, दुसराच निघू दे. म्हणजे मी काय मागत होते बघ. एक माणूस खरोखरच चोर असू दे, असं मागत होते.

पोचा मी घालवला, ठिपका मी घालवला, आणि चोर तो ठरला. माझ्यावर एकदा संशय घेतलास म्हणून तू लाजतेस. या वेळी घ्यायला हवा होतास गं. माझ्यावर घेतला असतास तर त्याच्यावर आला नसता.

त्याचं खातं उघडायला सांग. आणि तो निरोप वाच.

मावशी


५ एप्रिल

मावशी,

उत्तराला उशीर झाला. आधी तुझाच राग आला. "तुला कोणी सांगितलं होतं?" असं सुरू होणारं एक पत्र लिहिलं आणि फाडलं. मग दुसरं लिहिलं, की झालं ते झालं, आपण दोघी तोंड मिटून बसू, तुला तर तसंही कोणी विचारायला येत नाही. तेही फाडलं. पाठवलं नाही म्हणून मी काही चांगली ठरत नाही. लिहिलं होतं हे खरं आहे.

तुझं फेब्रुवारीतलं पत्र पुन्हा काढून वाचलं. यांच्या पाटावर बसले, असं तू सरळ लिहिलं होतंस. काका गेल्यापासून तू त्या पाटावर बसली नव्हतीस, आणि मला विचारावंसंही वाटलं नाही की कशाला बसलीस. तेही मी वरवरच वाचलं होतं.

मग त्याचा निरोप उघडला. तुला उतरवून देते.

"बाई, सारखे प्रश्न विचारून तुम्हाला त्रास देतोय, माफ करा. फोटो पाठवलेत, उपकार झाले. हा पेला आमच्या घरातला आहे, आता खात्री पटली. लहानपणी धाकट्या बहिणीने रागाच्या भरात मला फेकून मारला होता. मी खाली वाकलो आणि तो दाराच्या चौकटीवर आपटला. पुढे ती त्या पोच्यात अंगठा ठेवूनच पाणी प्यायची, दुसऱ्या कोणाला त्या पेल्याला हात लावू देत नसे. वाटण्या झाल्या तेव्हा मी तिला न विचारता घरातली चांदी मोडीत घातली. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. आता दोघंही म्हातारे झालो. पेला सापडला म्हणून तिला कळवलंय आणि बघायला येते असा तिचा उलट निरोप आलाय. पोचा बघितल्याशिवाय ती माझ्यावर विश्वास ठेवणार नाही, तिचं चुकत नाही. तेवढा नीट बांधून पाठवा, आणि कृपा करून पुसू नका."

पहिल्या दोन ओळींत माफी आणि आभार होते. मी तिथेच सोडलं होतं. पुसू नका हे शेवटी होतं.

मावशी, मला भीती वाटते. साइटवाल्यांना खरं सांगितलं तर खोटी तक्रार केली म्हणून माझं खातं जाईल. मग मी करू काय? मला दुसरं काही येत नाही. भाडं आहे, तुझी औषधं आहेत.

म्हणून एक सुचवते, रागावू नकोस. तू पोचा पुन्हा पाडू शकतेस का? फोनवर सगळ्या बाजूंनी काढलेले फोटो अजून आहेत, त्यानेच काढायला लावलेले. कुठे, किती खोल, सगळं त्यात दिसतं. तसाच पाडून पाठवला तर सांगता येईल की बांधताना अदलाबदल झाली होती, तुमचा खरा पेला आता सापडला. त्याला पेला मिळेल, बहीण मिळेल. तू हो म्हणालीस तर फोटो छापून पाठवते.

भिंगरी


१२ एप्रिल

भिंगरे,

पाडू शकते. फोटोंचीही गरज नाही, माझ्या बोटांना तो पोचा अजून आठवतोय.

पेला खुंट्यावर चढवला आणि हातोडी हातात घेऊन बसले. बराच वेळ बसले. शिंपी येऊन कानाशी विचारून गेला, बरं वाटत नाही का. मनात आलं, आतापर्यंत हा पेला कोणीच बदललेला नाही. त्याने नाही आणि आपणही नाही. मी वेडेपणा केला, पण लबाडी केली नव्हती. हा एक ठोका मारला की मग मात्र तो खरोखर बदललेला होईल, आणि ती बाई जन्मभर माझ्या पोच्यात अंगठा ठेवून पाणी पिईल. हातोडी खाली ठेवली. मला ते सोसलं नसतं.

पेला त्याला पाठवून दिला, आहे तसाच. सोबत पत्र लिहिलं. मी काय केलं आणि का केलं ते सगळं त्यात आहे. तू काय केलंस ते मी लिहिलेलं नाही. ते तू लिही.

भाड्याचं म्हणशील तर दुकानाची मागची खोली आहेच. ऐरण एका कोपऱ्यात सरकवली की तुझी खाट बसते, शिंप्याने त्याच्या टेपने मोजून बघितलं. औषधं थोडी कमी घेतली तर मला बरंच वाटेल, कडू असतात.

मी तुझ्यावर रागावलेली नाही. माझ्यावर आहे, आणि ते काही लवकर जायचं नाही.

मावशी


४ मे

मावशी,

साइटवाल्यांना सगळं कळवलं. त्यांनी त्याचं खातं उघडलं, पैसे त्याला परत दिले आणि माझं बंद केलं. महिनाअखेरीस खोली सोडते. खाट लहान असू दे, ऐरण उगाच हलवू नका. ती काकांनी ठेवली तिथेच बरी आहे.

ग्रुपवरही लिहिलं, माणूस निर्दोष आहे, खोटं मी बोलले. शाबासकी देणाऱ्यांपैकी कोणी एक शब्द काढला नाही. तो चौकात उभं करा म्हणणारा होता ना, त्याने तेवढं विचारलं, "कबूल कशाला केलंस?" मला त्याचा राग आला नाही. मार्चमध्ये मीही हेच विचारलं असतं.

त्या घड्याळवाल्यांनाही पत्र लिहिलं. निरोप न वाचता सोडून दिला, तुमचं नाव प्रश्नपत्रिका ठेवलं, पेला कसोटीवरही न लावता तुम्हाला चोर ठरवलं, सगळं लिहिलं. उत्तर येईना. रोज पत्रपेटी उघडायची, रिकामी दिसली की सुटल्यासारखं वाटायचं, आणि असं सुटल्यासारखं वाटतंय म्हणून स्वतःचीच किळस यायची.

परवा उत्तर आलं. छोटंच आहे.

"पेला मिळाला. तुमच्या मावशींचं पत्रही मिळालं. पोचा सफाईने काढला आहे, तसं त्यांना सांगा. मी हाताने काम करणारा माणूस आहे, मला कळतं. त्यांनी स्वतःला फार लावून घेऊ नये.

बहीण ठरल्याप्रमाणे आली होती. तोवर मी पेला परत पाठवला होता. तिला म्हटलं, आला तो आपला नव्हता. ती म्हणाली, तू अजून तसाच आहेस. पाणीसुद्धा न घेता निघून गेली. तुम्ही माझ्याबद्दल पसरवलेलं नंतर तिच्याही वाचनात आलं असं कळलं.

तुमच्यावर राग नाही असं लिहिणार होतो, पण ते खरं झालं नसतं.

एक काम करा. पोच्याचे फोटो तुम्ही मला पाठवले होते ते खात्याबरोबर गेले. खातं उघडलं, पण जुनं काही परत आलेलं नाही. तुमच्याकडे असतील तर मोठे छापून पाठवा. पेला, मावशींचं पत्र आणि फोटो घेऊन तिच्या दारात जाऊन उभा राहीन. तिने उघडलं तर दाखवीन."

फोटो होते. त्याने इतका छळ केला नसता तर मी एकच काढला असता, तोही तंबूत, पोचा जमेल तेवढा लपवून. आता तो पोचा जगात फक्त या फोटोंत आहे.

आज छापायला नेले. फोनवर लहान दिसत होते म्हणून कधी लक्षातच आलं नाही. तंबू लावला नव्हता ना, त्यामुळे अख्खी खोली पेल्यात उतरली आहे, खिडकी, पंखा, दोरीवरचे कपडे. आणि पोच्याला अगदी चिकटून मी. जीभ बाहेर काढून, डोळे फिरवून घड्याळवाल्यांना वेडावतेय. एकूण एक फोटोत.

छापणाऱ्याने विचारलं, या कोण? मी म्हटलं, विकणारी. तेवढा चेहरा कापून टाका. त्याने कापून दाखवला. माझ्याबरोबर पोचाही जात होता.

मग होते तसेच पाठवले.

भिंगरी